आल्या दिवशी काही विचारायचं नाही

मागाठाण्याला एक बस जवळजवळ रिकामी येऊन थांबली. मी सुगंधाताईंकडे पाहिलं. त्या रस्त्याच्या कडेने तशाच पुढे चालल्या होत्या, बस दिसलीच नाही अशा.

"ताई, अहो बस."

"तू जा बसून. मी येते मागून."

"तुम्हाला घर कुठे माहीत आहे?"

"मग गप चल."

दिंडोशीहून आम्ही सकाळचे नळ आटोपल्यावर निघालो होतो. फाल्गुन लागला होता, हायवेवर सावली अशी नव्हती आणि ट्रक गेला की तोंडावर पदर धरावा लागे. सुगंधाताई अनवाणी निघाल्या होत्या. चाळीच्या तोंडाशी मी हट्ट करून त्यांना चपला घालायला लावल्या, तेवढं एक त्यांनी माझं ऐकलं. दहिसरपर्यंत पायी जाईन असं त्या आमच्या गावदेवीला बोलल्या होत्या. "बसने गेलं तर तिकीट काढून माफी मागितल्यासारखं व्हायचं गो," असं त्यांचं म्हणणं.

माफी मागायची होती ती प्रेमाची. प्रेमा म्हणजे आमच्या चाळीत दिवाळीनंतर राहायला आलेली आणि संक्रांतीनंतर महिन्याच्या आत सोडून गेलेली बाई. तिचा नवरा हयात असताना, धडधाकट असताना, सुगंधाताईंनी तिला विधवा समजून वागवलं होतं. नुसतं समजल्या नव्हत्या, तिला तसं तोंडावर बोलल्या होत्या. ती आता दहिसरला दिराच्या शेजारी खोली घेऊन राहत होती. ती आपल्याला घरात घेईल की दारातूनच परत पाठवेल, एवढाच विचार सुगंधाताईंच्या डोक्यात पंधरा दिवस होता.

माझ्या पिशवीत ओटीचं सामान होतं, नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ते सगळं सुगंधाताईंनी आणलं होतं, पण आणल्या आणल्या पिशवी माझ्या हातात दिली होती. ओटी मी भरायची, त्यांनी नाही. त्यांचे यजमान दत्ताराम परब जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या स्वतःच्या पिशवीत गावाहून आलेली आमसुलं होती. आमसुलं कोणीही कोणालाही देऊ शकतं.

सुगंधाताई कणकवलीकडच्या. लग्न होऊन परळला आल्या, यजमान गिरणीत होते. छातीच्या दुखण्याने ते गेले, दीर-जावांनी खोलीचं काय ते करून घेतलं आणि ह्या एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन दिंडोशीच्या आमच्या बैठ्या चाळीत आल्या. आम्ही तिथे राहायला गेलो ते त्याच्यानंतर. औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या एका कारखान्यात त्या कामाला जात. बोटांना कायम खळीचा वास यायचा. त्याच हातांनी भाकरी थापतात म्हणून चाळीतल्या पोरी त्यांना चिडवत, तर म्हणायच्या, "चिकटून राहते पोटाला, वाईट काय?"

आमच्याकडे पाणी सकाळीच यायचं. टेम्पोतून सामान घेऊन नवीन बिऱ्हाड यायचं ते नेमकं दुपारी, म्हणजे नळ गेल्यावर. सुगंधाताई आल्या त्या दिवशी त्यांनाही तसंच झालं होतं. सगळ्या दारांतून बायकांनी पाहिलं, एकटी बाई, मोकळं कपाळ, आणि सगळ्या आत गेल्या. पाण्याचा थेंब नाही. त्या रात्री त्यांनी कोरडे चुरमुरे खाल्ले. हे मला त्यांनी फार उशिरा सांगितलं, तेही हसत. पण तेव्हापासून त्यांच्या मोरीत एक हंडा जास्तीचा भरलेला असायचा. टेम्पो दिसला की त्या कळशी कमरेवर घेऊन हजर. मागून पिठलं-भाताचं पातेलं. नळ किती वाजता येतो, संडासाची चावी कोणाकडे, रॉकेल कुठे मिळेल, हे सगळं त्या आपणहून सांगायच्या. आणि विचारायच्या काहीच नाहीत. नाव सुद्धा नाही.

"आल्या दिवशी काही विचारायचं नाही," असा त्यांचा नियम. "माणूस दमलेला असतो. त्यात तुमचं गाव कोणतं, नवरा काय करतो, मुलं किती. चौकशीला बसायला आपण काय पोलीस आहोत?"

कामावर रजा असली की त्या नव्या बाईला सोबत बाजारात नेत. आमच्या चाळीत भांडणं कमी होत नसत, पण नवीन आलेलं कोणी पहिल्या रात्री उपाशी झोपलं नाही हे खरं. मी स्वतः त्यांचं पिठलं खाल्लेलं आहे. माझ्या सासूबाई सोवळ्याच्या, त्यांनी नाक मुरडलं, पण भूक लागली होती म्हणून त्याही जेवल्या.

तर प्रेमा. टेम्पोतून उतरली तेव्हा बरोबर लहान मुलगी, पुरुष माणूस फक्त दीर, तोही सामान उतरवून गेला. कपाळ मोकळं. गळा मोकळा. हातात काचेच्या बांगड्या होत्या, पण सुगंधाताई मला म्हणाल्या, "हल्लीच्या पोरी घालतात गो बांगड्या. घालू देत. आमच्या वेळेला नव्हतं कोणी असं म्हणणारं." आणि त्यांनी विचारलं काहीच नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, महिनाभर नाही. विचारलं तर तिला रडू येईल म्हणून. चाळीतल्या बायकांनाही त्यांनीच दटावलं, "खबरदार कोणी नवऱ्याचा विषय काढलात तर." आम्ही कोणी काढला नाही. एवढ्या चौकस बायका आम्ही, पण त्या एका बाबतीत सगळ्या शहाण्यासारख्या वागलो आणि तिथेच घोळ झाला.

नॅशनल पार्कचं फाटक मागे गेलं तेव्हा एका झाडाखाली आम्ही टेकलो. मी बाटलीतलं पाणी दिलं. मग धीर करून विचारलं, "ताई, संक्रांतीला तुम्ही तिला नक्की बोललात काय?"

"तुला माहीत आहे."

"थोडंसं. तिने सांगितलं तेवढं."

त्या पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं. मग रस्त्याकडे बघत सांगायला लागल्या.

ते हळदीकुंकू माझ्याकडचं होतं. दुपारी मी घराघरांत बोलावणं द्यायला निघाले होते. प्रेमाच्या दाराजवळ पोचले तर सुगंधाताईंनी त्यांच्या उंबऱ्यातून खूण केली, तिथे नको. मी पुढच्या दारात गेले. प्रेमा दारातच उभी होती. तिने मला येताना पाहिलं आणि जाताना पाहिलं. माझ्याकडे बघून ती हसली होती, तेही मला आठवतं. मी हसले की नाही, ते आठवत नाही.

"संध्याकाळी मी माझं दार लावून घेतलं, दरवर्षी घेते तसं," सुगंधाताई म्हणाल्या. "खिडकीतून बघते तर ही काळी साडी नेसून दारात उभी. केसात गजरा. मला कसं झालं. म्हटलं, हिला कोणी समजावलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हिला बघून तोंडं वाकडी करतील. म्हणून गेले. म्हटलं, बाय माझे, अशी वाटेत उभी राहू नको. माझ्याकडे ये, दार लावून दोघी चहा घेऊ. पहिल्या एक-दोन संक्रांती जड जातात, मग सवय होते."

"मग?"

"कसली सवय, म्हणाली. मी म्हटलं, नवरा गेल्याची. मी तिचा हात धरला होता वसुधा. मायेने धरला होता. तो तिने असा काढून घेतला ना, जसा काय विस्तव लागला. आणि दार लावलं. मला वाटलं, दुःखाने लावलं."

तेव्हा आखातात लढाई चालली होती. तेलाच्या बोटींवर बॉम्ब पडल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. प्रेमाचा नवरा चंद्रप्रकाश अशाच एका बोटीवर होता, आणि कितीतरी दिवस त्याचं पत्र नव्हतं. टिकलीच्या गोंदाने तिच्या कपाळावर पांढरे चट्टे उठले होते आणि साखळीने गळ्यावर. कातडीच्या डॉक्टरांनी सहा महिने काही लावू नका, घालू नका म्हणून बजावलं होतं. मंगळसूत्र ती देवापुढे ठेवून रोज त्यालाच हळदकुंकू वाहायची. हे सगळं तिने मला खोली सोडायच्या दिवशी सांगितलं. माझी चाळण परत करायला आली होती. रडली नाही. "त्यांना सांगा, माझे मिस्टर बोटीवर असतात," एवढं म्हणाली आणि दहिसरचा पत्ता विचारला तर तोही दिला. मी तो निरोप सुगंधाताईंना सांगितला तेव्हा त्या लेबलाची खळ बोटांवरून खरवडत होत्या. त्यांनी ते काम थांबवलं नाही. खरवडतच राहिल्या, कातडी लाल होईपर्यंत.

"विचारलं असतं एकदा," झाडाखालून उठताना त्या म्हणाल्या. "मालक कुठे असतात, एवढंच. कोणीही विचारतं. मूर्ख बाई सुद्धा विचारते."

मी मनात देवाचं नाव घेत चालले होते. तिने दार उघडावं, आणखी काही नको, असं मागत होते. खरं सांगायचं तर माझ्यासाठीही मागत होते. तिच्या दारावरून पुढे गेलेले पाय माझे होते.

दहिसरला रावळपाड्यात घर सापडायला वेळ लागला नाही. दाराशी पोचल्यावर सुगंधाताई माझ्या मागे गेल्या. "तू पुढे हो. ओटी आधी भर. माझं मग बघू."

दार पुरुषाने उघडलं. नवरा बोटीवरून परत आलाय हे आम्हाला माहीत नव्हतं. रुंद, काळासावळा, पायजमा आणि बोटीवरच्यांचा असतो तसला छापील फुलांचा शर्ट. आम्ही चाळीचं नाव सांगताच त्याने आतमध्ये आरोळी दिली, "प्रेमा, अगो बघ कोण आलंय! तुझ्या दिंडोशीवाल्या!" आणि मला म्हणाला, "या या, बसा. ह्या कोण, सुगंधामावशी का? पिठलंवाल्या?"

सुगंधाताईंनी मान हलवली. त्या उंबऱ्याच्या आत आल्या, पण दाराला टेकूनच उभ्या राहिल्या.

"मावशी, बसा हो खुर्चीत. प्रेमाने पत्रात लिहिलं होतं मला, पहिल्या दिवशी तुम्ही पाणी आणलंत, जेवण आणलंत. बोटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं मी. आमचा केरळचा कुक म्हणतो, मुंबईत असं कोण करतं, थापा मारतो तू." तो मोठ्याने हसला.

प्रेमा पदराला हात पुसत आतून आली. कपाळ तसंच मोकळं होतं. चट्टा आता फिकट झाला होता. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि मग नवऱ्याकडे. त्या एका नजरेत मला कळलं की नवऱ्याला तिने काहीच सांगितलेलं नाही. सुगंधाताईंनाही कळलं. वाटेभर जुळवत आणलेलं सगळं आता बोलता येणार नव्हतं. जिवंत माणसासमोर, तुला मेलेला धरलं होतं, असं कसं बोलणार?

मी ओटी भरली. प्रेमाने वाकून घेतली, मला नमस्कार केला. सुगंधाताई दाराकडेच तोंड करून उभ्या होत्या, आपली नजरसुद्धा ओटीवर पडू नये म्हणून.

चंद्रप्रकाशला गप्पा हव्या होत्या. त्याने परदेशी बिस्किटांचा डबा उघडला. "पण काय हो मावशी, आमच्या बायकोला तुमच्याकडे करमलं नाही. पत्र आलं ते एकदम दहिसरचा पत्ता. विचारलं तर म्हणते, पाण्याचे फार हाल. खरंच एवढे हाल आहेत?"

प्रेमाचा हात बिस्किटाच्या ताटलीवर थांबला.

आमच्या चाळीत कोणी पाण्याबद्दल वाकडं बोललं तर सुगंधाताई अंगावर जायच्या. मोरीतला तो जास्तीचा हंडा म्हणजे त्यांचा मान होता. त्या खाली बघत म्हणाल्या, "हो. हाल आहेत हो फार. बरं केलंत, इकडे आलात ते."

"बघ, मावशी पण तेच म्हणतात!" तो बायकोला म्हणाला. त्याचं समाधान झालं.

चहा ठेवायला प्रेमा आत गेली, तशा सुगंधाताई आमसुलांची पिशवी घेऊन तिच्यामागे गेल्या. मीही उठले. स्वयंपाकघर म्हणजे पडद्यापलीकडचा कोपरा. चंद्रप्रकाशने रेडिओ लावला, त्यामुळे हळू बोललेलं तिकडे जात नव्हतं.

"प्रेमा, माझी जीभ झडो," सुगंधाताई म्हणाल्या. "मी तुला बोलले ते..."

"नको मावशी."

"बोलू दे. त्यासाठी चालत आले."

"चालत?" प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने स्टोव्हची वात कमी केली. "तुम्ही चुकून बोललात ते मला त्याच रात्री कळलं होतं. माझा राग नव्हता तुमच्यावर."

"मग गेलीस का?"

चहाला उकळी आली, ती तिने बघितली नाही, मीच भांडं उतरवलं. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी घाबरले तुम्हाला. यांचं पत्र नव्हतं. रोज सकाळी दार उघडलं की समोर तुम्ही दिसायचात, हंडा घेऊन. मला वाटायचं, नको दिसू दे. आज तरी नको दिसू दे. तुमचं पाणी प्यायले मी, आणि तुमची सावली नको वाटायला लागली. मला कुणाला सांगायची सोय नव्हती. पाण्याचे हाल, असं लिहिलं. मी पाप केलं मावशी. माफी तुम्ही कसली मागता?"

सुगंधाताईंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता. तो मध्येच थांबला. त्यांनी तो खाली घेतला आणि आमसुलांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"सारात घाल," म्हणाल्या. "मालकांना आवडेल. बोटीवर कुठलं मिळणार."

आम्ही चहा घेतला. चंद्रप्रकाश दारापर्यंत सोडायला आला, परत या म्हणाला. प्रेमा त्याच्या मागे उभी होती. ती सुगंधाताईंच्या पायाशी वाकायला आली, पण ह्या आधीच रस्त्याला लागल्या होत्या.

परतीला चालायचं बोलल्या नव्हत्या, म्हणून आम्ही चेकनाक्याजवळ बसच्या रांगेत उभ्या राहिलो. जकातीच्या ट्रकांची ओळ लागली होती, हॉर्नचा नुसता गोंगाट. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"दार तरी उघडलं तिने," मी म्हटलं. "आणि राग नव्हता म्हणाली."

"राग असता तर बरं झालं असतं गो." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "आता मी ओळीने सगळी आठवतेय. ज्यांच्या दारात कळशी घेऊन गेले ती सगळी. त्यातल्या किती जणींनी पाणी घेतलं आणि मनात म्हटलं असेल, आल्या दिवशी हीच का आली समोर."

"काहीतरीच काय ताई!"

"काहीतरीच काय?" त्या एकदम माझ्याकडे वळल्या. रांगेतल्या एका बाईने मागे वळून पाहिलं. "तू माझ्या हातचं खातेस. ताप आला तर माझ्याकडे येतेस. तुझं बाळंतपण मी काढलं. संक्रांतीला मी दार लावून बसते हे तुला माहीत आहे ना? एकदा तरी ठोठावलंस?"

मी खाली बघितलं. माझ्या रिकाम्या पिशवीला तांदळाचे चार दाणे चिकटले होते. रीत ती रीत, असं माझ्या जिभेवर आलं होतं, ते बाहेर आलं नाही. मी कधी कोणाशी वाईट वागले नाही, देवाधर्माने राहते, असं मी स्वतःला मानत आले होते.

बस आली, भरलेली होती, न थांबता गेली. सुगंधाताईंचा राग तेवढ्यात उतरला. त्यांनी माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला.

"ऐक. सहा नंबरची खोली रिकामी झालीय. महिन्याभरात कोणी ना कोणी येईल. मी नाही गेले तर त्यांना दुपारचं पाणी कोण देणार, तुम्ही सगळ्या दारातून बघाल. आणि गेले, तर मी त्या बाईच्या तोंडाकडेच बघत राहीन, घाबरली की काय म्हणून."

"मग मी काय करू ताई?"

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू करतेस ना तू? बोलावणं द्यायला निघशील तेव्हा माझ्या दारात ये. पोरीला नको पाठवू, तू ये. मी दार लावून घेतलेलं असेल तर ठोठाव. हळदकुंकू नको लावू मला, ओटी नको. तुझ्या सासूबाईंना वाईट वाटेल असं काही नको. पण डाळ आणि पन्हं घ्यायला मला हाक मार, सगळ्या बायका ऐकतील अशी, आणि तुझ्या घरात त्यांच्यामध्ये बसव. नव्या बाईने ते बघितलं की मग मी तिच्याकडे पाणी नेईन. एवढं कर माझं. आणि जमणार नसेल तर आत्ता इथेच सांग वसुधा, चाळीत गेल्यावर नको."